विटेत फुटलेला खडा: कृष्णाकाठच्या मळीचं एक प्रकरण

सांगली जिल्ह्यात पलूस, वाळवा, मिरज या पट्ट्यात नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला मळी म्हणतात. (साखर कारखान्यातली मळी वेगळी, इथे तिचा संबंध नाही.) या मळीच्या मातीवर वीटभट्ट्या चालतात. खाली मांडलेलं प्रकरण या पट्ट्यात वारंवार दिसणाऱ्या गोष्टींवरून रचलेलं नमुना प्रकरण आहे, कोणा एका भट्टीचा अहवाल नव्हे. थरांची मापं आणि चाचण्यांचे आकडे नमुन्यादाखल दिले आहेत. रसायनशास्त्राचे आकडे मात्र खरेच आहेत.

भट्टीवाल्यानं पहिल्या वर्षी शेताच्या एका कोपऱ्यातून दीड मीटर खोलीपर्यंत माती काढली. वीट चांगली निघाली. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात आणखी एक मीटर खाली उतरला. साचा तोच, भुसा आणि राख त्याच प्रमाणात, भाजणारी माणसंही तीच. फेब्रुवारीत भट्टी लागली, वीट लाल निघाली, वाजवली तर खणखणीत. मे महिन्यात वळवाचे दोन पाऊस थप्प्यांवर पडले आणि आठवड्याभरात विटांचे पापुद्रे उडायला लागले. प्रत्येक फुटलेल्या जागी रुपयाएवढा खळगा आणि खळग्याच्या तळाशी हरभऱ्याएवढा पांढरा, बोटानं भुगा होणारा दाणा.

तो पांढरा दाणा म्हणजे निदान जवळजवळ पूर्ण झाल्यासारखंच होतं, पण आधी सगळा राग भाजण्यावर निघाला. वीट कमी भाजली, पाणी खारट होतं, भुशात काहीतरी होतं, असं बरंच बोललं गेलं. खाऱ्या पाण्यानं विटेला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागतो. तो पिठासारखा सगळ्या अंगावर येतो आणि ओल्या फडक्यानं पुसला जातो. पापुद्रा उडवून तळाशी दाणा ठेवणं हे लोणा लागल्याचं लक्षण नाही. कच्ची राहिलेली वीट कडेनं झिजते, अशी ठिकठिकाणी उडत नाही.

दाणा चुन्याचा होता. मातीतला चुनखडीचा खडा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ८५० ते ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) सोडून कळीचा चुना होतो. साध्या भट्टीचं तापमान याच्या थोडं खाली-वर असतं, म्हणजे चुना तयार व्हायला पुरेसं, पण मातीशी वितळून एकजीव व्हायला अपुरं. मग पाणी लागलं की कळीचा चुना विरतो आणि त्याच्या घन भागाचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. विटेच्या पोटात ही वाढ मावत नाही. पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर आत दाणा असला की वरचा पापुद्रा उडतो. खोल असला तर वीट चिरते.

इथे भट्टीवाल्यानं एक बरोबर आणि एक चुकीची गोष्ट केली. बरोबर ही की माती तपासायला दिली. चूक ही की शेतीच्या माती परीक्षणाला दिली. अहवालात पहिल्या वर्षीच्या मातीत मुक्त चुना (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच) ४.९ टक्के आणि दुसऱ्या वर्षीच्या मातीत ५.८ टक्के आला. सामू दोन्हीकडे ८.३. एवढ्या फरकानं वीट फुटायला नको, म्हणून माती निर्दोष ठरली. अहवाल खोटा नव्हता. पण माती परीक्षणात नमुना आधी २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात आणि चाळणीवर उरलेले खडे टाकून देतात, कारण पिकाच्या दृष्टीनं ते निरुपयोगी. वीट फोडणारा ऐवज नेमका त्या टाकून दिलेल्या खड्यांत होता.

म्हणून दुसरी तपासणी वेगळ्या पद्धतीनं करायची. खड्ड्याची एक भिंत फावड्यानं साफ तासून घ्यायची, वरून खाली दर २५ सेंटिमीटरला साधारण १० किलो माती काढायची आणि ती कुटायची नाही. हातोड्यानं ढेकळं फोडली की खडेही फुटतात. मग एकूण चुना बरोबर येतो पण खड्यांचं प्रमाण हातचं जातं, आणि विटेसाठी तेच महत्त्वाचं. माती सावलीत वाळवून, वजन करून, रात्रभर पाण्यात भिजवायची. मळीची भारी माती हट्टी असते. पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला तर सुटते. सकाळी २ मिलिमीटरच्या चाळणीवर पाण्याच्या बारीक धारेनं धुवायची, उरलेले खडे वाळवून तोलायचे.

आमच्या नमुन्यात दीड मीटरच्या वर १० किलो मातीत चाळणीवर ४० ग्रॅम उरलं, त्यातही निम्मं बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या दगडाचे, बारीक खडे आणि शिंपल्यांचे तुकडे. १.६ ते २.६ मीटरच्या थरात मात्र १.१ किलो उरलं: मळकट पांढरे, आल्याच्या कांड्यासारखे वेडेवाकडे खडे, २ ते ४० मिलिमीटरचे. म्हणजे ११ टक्के. त्या खड्यांत चुना किती, हे वजन घटवून काढता येतं. खडे दळून १० ग्रॅम पूड शंकूपात्रात घ्यायची. शेजारी दुसऱ्या भांड्यात १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिलिलिटर (बाजारातल्या तीव्र आम्लाचा एक भाग तीन भाग पाण्यात, पाण्यात आम्ल ओतायचं, उलट नाही). दोन्ही भांडी एकत्र तोलायची, मग आम्ल थोडं थोडं पुडीवर ओतायचं, पात्राच्या तोंडाशी कापसाचा सैल बोळा. फेस थांबल्यावर अर्धा तास अधूनमधून हलवून पुन्हा दोन्ही भांडी तोलायची. घटलेलं वजन हा उडून गेलेला कर्बवायू, त्याला २.२७ नं गुणलं की कॅल्शियम कार्बोनेट. कर्बवायू हवेपेक्षा जड असल्यामुळे पात्रात साठून राहतो, थोडा पाण्यातही विरघळलेला असतो. पात्र हलवून आणि हळूच वारा घालून तो काढला नाही तर उत्तर तीन-चार टक्क्यांनी कमी येतं.

घट २.७ ग्रॅम आली, म्हणजे खड्यांत ६१ टक्के कार्बोनेट. आता हिशेब जुळतो: मातीचा ८९ टक्के बारीक भाग गुणिले ५.८ टक्के, म्हणजे ५.२, त्यात ११ टक्के खडे गुणिले ६१ टक्के, म्हणजे ६.७. एकूण जवळजवळ १२ टक्के. अहवालाच्या दुप्पट. पण या दुपटीपेक्षाही महत्त्वाचं हे की निम्म्याहून जास्त चुना गोळ्यांच्या रूपात आहे. हाच १२ टक्के चुना पिठासारखा पसरलेला असता तर वीट फुटली नसती. भाजताना तो मातीतल्या सिलिकाशी जुळून गेला असता, फार तर वीट लालऐवजी फिकट पिवळसर निघाली असती. आणि उलट, एकूण चुना अवघा २ टक्के असूनही तो वाटाण्याएवढ्या खड्यांत असेल तर थप्पी जाते. तेव्हा प्रश्न चुना किती यापेक्षा चुना गोळा कसा झाला, हा आहे.

नदीनं खडे आणून टाकले, असं सहज वाटतं. थोडे आणलेही होते. २.२ मीटरवर १५ सेंटिमीटर जाडीची वाळूची एक पट्टी होती आणि तिच्यात चुनखडीचे गोटे होते, पण ते गोलसर, घासलेले, साधारण एकाच मापाचे, बेसॉल्टच्या गोट्यांत मिसळलेले. ते नदीच्या वरच्या अंगाला जुन्या काठातून सुटून आलेले. ही पट्टी डोळ्याला दिसते, मजूर ती बाजूला टाकतात. तिनं वीट फोडली नाही. वीट फोडणारे खडे पट्टीच्या वर-खाली, चिकण गाळात एकेकटे बसलेले होते. त्यांचं अंग खरखरीत, कडा नाजूक. असा खडा नदीतून शंभर मीटरही अखंड येणार नाही. काहींच्या मधून मुळाच्या जाडीची पोकळ नळी गेलेली. आणि आम्लात चुना विरघळल्यावर उरलेला ३९ टक्के गाळ तपासला तर तो भोवतालच्या मातीसारखाच: तीच चिकण, तोच बारीक रेतीचा अंश. म्हणजे खडा मातीत येऊन पडला नाही, मातीच्या पोकळ्यांत चुना भरून मातीचाच खडा झाला.

गाळ साचल्यानंतर आणि त्याचा दगड होईपर्यंत त्याच्यात जे रासायनिक आणि भौतिक फेरफार होतात, त्यांना भूशास्त्रात डायजेनेसिस म्हणतात. हा शब्द जर्मन भूशास्त्रज्ञ ग्युम्बेलनं १८६८ मध्ये वापरात आणला. पाठ्यपुस्तकं वाचून असं वाटतं की हे सगळं किलोमीटरभर खोल, उष्णतेत आणि दाबात चालतं. कृष्णाकाठी ते दोन मीटरवर, विहिरीच्या पाण्याच्या तापमानाला चालू आहे.

कॅल्शियम येतो बेसॉल्टमधून. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या वजनात कॅल्शियम ऑक्साइड साधारण दहावा हिस्सा असतं, मुख्यतः प्लॅजिओक्लेज आणि ऑजाइट या खनिजांत. पावसाचं पाणी मातीतला कर्बवायू घेऊन सौम्य आम्ल बनतं आणि ही खनिजं कुजवतं. मागे उरते फुगणारी, भेगाळणारी स्मेक्टाइट चिकण, आपली काळी माती. आणि पाण्यात सुटतात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सिलिका आणि बायकार्बोनेट. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे हे सगळं धुऊन जातं आणि लाल जांभा उरतो. आटपाडी-जतकडे पाऊस पाचशेच्या घरात आणि ऊन भरपूर. तिथे चुना फार खाली न जाता मातीतच अडकतो. पलूस-मिरजेचा काठ या दोन टोकांच्या मध्ये बसतो.

चुना विरघळतो आणि बसतो तो कर्बवायूच्या तालावर. बाहेरच्या हवेत कर्बवायू ०.०४ टक्के; मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासामुळे ओल्या मातीतल्या हवेत तो १ टक्का सहज होतो. २५ अंशाला, बाहेरच्या हवेशी समतोल असलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मावतं. १ टक्का कर्बवायू असलेल्या मातीत सुमारे १४० मिलिग्रॅम. कर्बवायू पंचवीसपट, विद्राव्यता जेमतेम तिप्पट. पावसाळ्यात पाणी वरच्या थरातला चुना उचलून खाली नेतं. ऑक्टोबरनंतर पीक पाणी शोषतं, भेगांतून हवा शिरते, कर्बवायू निसटतो आणि चुना जिथल्या तिथे बसतो. ज्या खोलीपर्यंत ओल दरवर्षी पोचते आणि थांबते, तिथे हे पुन्हा पुन्हा होतं. आधी मुळांच्या नळ्यांत पांढरे धागे दिसतात, मग मऊ पांढुरके ठिपके, मग खडे, मग खड्यांना खडे चिकटून पाणी न झिरपणारा पाटा. आमच्या कटात, म्हणजे तासलेल्या भिंतीत, काळ्या मातीच्या तळाशी, १.५ मीटरजवळ धागे होते आणि १.६ पासून खडे. पहिल्या वर्षी भट्टीवाला बरोबर धाग्यांवर येऊन थांबला होता, आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

एकदा खडा सुरू झाला की तो मोठा होत जातो, नवे कमी जन्मतात. मोठ्या स्फटिकाच्या अंगावर चुना बसणं सोपं असतं. बारीक कण पुढच्या पावसाळ्यात आधी विरघळतात आणि त्यांचा माल मोठ्यांवर चढतो. म्हणून चुना पिठासारखा पसरलेला न राहता गोळ्यांत जमा होतो.

किती काळ लागला असेल, याचा ठोकताळा मांडता येतो. एक चौरस मीटरचा, एक मीटर जाडीचा थर म्हणजे साधारण १,५०० किलो कोरडी माती. तिच्यात खड्यांतला चुना ६.७ टक्के, म्हणजे १०० किलो. दरवर्षी १०० मिलिमीटर पाणी या खोलीपर्यंत उतरून तिथेच संपतं असं धरलं, तर ते १०० लिटर, आणि लिटरला १४० मिलिग्रॅमनं वर्षाला १४ ग्रॅम चुना. १०० किलोला सात हजार वर्षं. पाणी कमी उतरलं तर जास्त, धूळ किंवा पुराच्या गाळातून आयता चुना आला तर कमी. खड्याचं वय कार्बन-१४ नं काढायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की एका खड्यात हजारो वर्षांचे थर मिसळलेले असतात. येणारा आकडा सरासरी असतो, जन्मतारीख नसते.

६१ टक्के या आकड्यातून आणखी एक गोष्ट निघते. चुना निव्वळ पोकळ्या भरत गेला असेल, तर खड्यातलं चुन्याचं आकारमान म्हणजे त्या वेळची पोकळी. चुना आणि माती यांची घनता जवळपास सारखी, म्हणजे पोकळी सुमारे ६० टक्के होती. गाळ तेव्हा अजून दबलेला नव्हता. दगड झालेल्या चिकणमातीत भूशास्त्रज्ञ हीच खूण शोधतात: गोट्याच्या आत थर सरळ आणि सुटे, बाहेर ते दबून गोट्याला वळसा घालून गेलेले. पण काळ्या मातीत हे गणित जपून वापरावं. इथे वाढणारा स्फटिक माती बाजूला ढकलतो, शिवाय दरवर्षीच्या फुगण्या-आकसण्यानं थरच राहत नाहीत. तासलेल्या भिंतीत दिसतात त्या तिरक्या चकाकत्या घासलेल्या पाट्या.

२.६ मीटरच्या खाली गोष्ट बदलते. तिथे भिंत चितकबरी होती: राखाडीत गंजाचे पट्टे आणि काळे टिंब. पावसाळ्यात पाण्याची पातळी इथवर चढते, उन्हाळ्यात उतरते. पाणी भरलं की जिवाणू आधी विरघळलेला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग मँगनीजची ऑक्साइडं, मग लोखंडाची, मग सल्फेट, आणि शेवटी मिथेन तयार होतो. ज्यात ऊर्जा जास्त ते आधी, असा हा क्रम आहे. मँगनीज लोखंडाच्या आधी विरघळतं आणि पुन्हा ऑक्सिजन भेटल्यावर लोखंडाच्या मागाहून बसतं. म्हणून दोघं एका जागी राहत नाहीत, गंज इथे आणि काळं टिंब जरा पलीकडे. काळ्या टिंबावर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं आणि ते तडतडून फेसाळलं तर मँगनीज. सेंद्रिय माती फेसाळते, पण रेंगाळत.

साडेतीन मीटरखाली निळसर राखाडी चिकण, ताज्या कापाला किंचित कुजका वास. समुद्राच्या गाळात या टप्प्यावर पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) भरपूर बनतं, कारण समुद्राच्या लिटरभर पाण्यात सल्फेट सुमारे २,७०० मिलिग्रॅम असतं. नदीच्या पाण्यात साधारणपणे दहा-वीसच. त्यामुळे गोड्या पाण्याच्या गाळात गंधकाचा अंक लवकर आटोपतो, लोखंडाला जोडीदार म्हणून कार्बोनेट किंवा फॉस्फेट सापडतं, आणि मिथेन लवकर सुरू होतो. भट्टीच्या दृष्टीनं हा थर वेगळ्याच कारणानं वाईट: सेंद्रिय कार्बन आणि ऑक्सिजनशिवाय पडून राहिलेलं लोखंड यांमुळे भट्टी घाईनं तापवली तर विटेचा गाभा काळा राहतो. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून जिथे जमीन क्षारपड झाली आहे, तिथे सोडियम सल्फेटचा लोणाही विटेला लागतो. तिथली माती भट्टीला घेऊच नये.

मग या खड्ड्याचं काय केलं? १.५ मीटरची रेघ पक्की धरणं हा पहिला आणि स्वस्त उपाय. पण रेघ फूटपट्टीनं धरायची नाही. शेताच्या नदीकडच्या आणि वरच्या अंगाला धाग्यांचा थर वेगळ्या खोलीवर असतो, म्हणून दर वीस-पंचवीस पावलांवर कट तासून पांढरे धागे दिसले की थांबायचं. आम्लाचा थेंब सगळीकडेच थोडा फेसाळतो, कारण पुराचा पोयटाही थोडा चुनायुक्त असतो. फेसापेक्षा डोळ्याला दिसणारा धागा भरवशाचा.

आधी काढून ठेवलेल्या खालच्या मातीचा ढीग फेकायचा नसेल तर ती रोलर मिलमधून १ मिलिमीटरखाली दळावी. नुसत्या चाळणीचा उपयोग नाही. ओली चिकण चाळणी बुजवते आणि कोरड्या ढेकळात खडे लपून जातात. मातीच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का मीठ घातलं तर फुटणं कमी होतं, पण त्या विटेला पुढे लोणा लागण्याची शक्यता वाढते. गिलावा होणाऱ्या भिंतीला ती नको. भाजून काढलेल्या विटा लगेच पाण्याच्या हौदात दहा-पंधरा मिनिटं पूर्ण बुडवल्या तर बारीक कणांचा चुना भरपूर पाण्यात एकदम विरून मऊ लगदा होतो आणि जोर करत नाही. हरभऱ्याएवढ्या खड्यापुढे हा उपाय चालत नाही. माल विकण्याआधी प्रत्येक भट्टीतल्या पाच-सहा विटा उकळत्या पाण्याच्या वाफेवर काही तास ठेवून बघाव्यात. वळवाला आठवडा लागतो ते तिथे दिवसात दिसतं.

शेताची बाजू भट्टीवाल्याच्या हिशेबात नव्हती, ती मालकाच्या माथी आली. वरची दीड मीटर माती गेल्यावर खड्यांचा थर उसाच्या मुळाशी आला. चुनायुक्त, जास्त सामूच्या मातीत लोखंड असूनही मुळांना मिळत नाही, स्फुरदही बांधला जातो. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा-पांढरा पडून केवडा दिसायला लागला. फेरस सल्फेट जमिनीतून टाकलं तर या मातीत ते लवकर निकामी होतं. शेणखतात मुरवून सरीत दिलं आणि पानांवर ०.५ टक्क्याची फवारणी आठवडा-दहा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा केली तर पानं हिरवी होतात, ती त्या हंगामापुरती. खड्डा उथळ ठेवून त्यात पुढच्या पुराचा पोयटा धरायचा म्हटलं, तर एका पुरात सहसा काही सेंटिमीटरच गाळ बसतो.